पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ - ५ एप्रिल १९२२) या संस्कृतच्या विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, लेखिका, बायबलच्या मराठी अनुवादक आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत्या. मराठीत त्यांचे चरित्र प्रामुख्याने विद्वत्ता, शारदा सदन आणि धर्मांतराचा वाद या तीन विषयांभोवती सांगितले जाते. केडगावची ख्रिस्ती वसाहत मात्र १८९६-९७चा दुष्काळ आणि त्याच सुमारास पश्चिम भारतात पसरलेली प्लेगची साथ यांच्या कचाट्यात आकाराला आली, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. साथीच्या काळात रमाबाईंनी आपल्या आश्रमातील मुलींना शहराबाहेर हलवले आणि त्याच वेळी सरकारी प्लेग रुग्णालयांतील स्त्रियांच्या अवस्थेविषयी जाहीर तक्रारही केली. या तक्रारीचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले.

पूर्वायुष्य

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीतील गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटकातील कारकळच्या परिसरात, एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले होते. स्त्रीला शास्त्राध्ययन शिकवणे हे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई आणि त्याबद्दल अनंतशास्त्रींना विरोध सहन करावा लागला. रमाबाईंचे संस्कृत शिक्षण प्रामुख्याने आईकडून झाले. घरची मालमत्ता गमावल्यानंतर हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत देशभर फिरू लागले.

१८७०च्या दशकातील दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. उरलेल्या रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी पायी प्रवास करीत १८७८ मध्ये कोलकाता गाठले. तेथील पंडितसभेने रमाबाईंच्या संस्कृत व्यासंगाची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. उपासमार म्हणजे काय, हे रमाबाईंना ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते. पुढे दुष्काळपीडित मुलींच्या बाबतीत त्यांनी जी घाई केली, तिचे मूळ या वर्षांत शोधावे लागते.

१८८० मध्ये श्रीनिवास यांचे ढाका येथे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा आंतरजातीय व आंतरप्रांतीय विवाह होता. १८८१ मध्ये कन्या मनोरमा यांचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी कॉलऱ्याने दगावले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

पुणे, इंग्लंड आणि अमेरिका

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी मांडली. आजारी स्त्रीला तपासायला स्त्रीच हवी, हा त्यांचा आग्रह पंधरा वर्षांनी प्लेगच्या प्रसंगी पुन्हा पुढे आला.

वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडून त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या व शिकवूही लागल्या. या धर्मांतराचे महाराष्ट्रात तीव्र पडसाद उमटले. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये सत्सार या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. धर्म बदलला तरी कोणत्याही धर्मपीठाची आज्ञा निमूटपणे मानण्यास रमाबाई तयार नव्हत्या. वाँटेजच्या भगिनींशी आणि अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार म्हणजे एका अर्थी दीर्घकाळ चाललेला वाद आहे. त्या शाकाहारी राहिल्या आणि वेशभूषाही भारतीयच ठेवली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. पुढील वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या संस्थेने त्यांच्या नियोजित शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे मान्य केले.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही प्रामुख्याने विधवांसाठी असलेली निवासी शाळा सुरू झाली. १८९० मध्ये ती पुण्यास हलवण्यात आली. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. शाळा धार्मिकदृष्ट्या तटस्थ राहील असे आश्वासन होते. तथापि काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेत सहभागी होऊ लागल्या आणि त्यांतील काहींनी ख्रिस्ती धर्माकडे कल दाखवला. केसरीने कडक टीका केली. १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या फुटीनंतर पुण्यातील सुधारक वर्तुळाशी असलेला रमाबाईंचा दुवा जवळजवळ तुटला. अमेरिकन मदतीची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. तोपर्यंत उत्पन्नाचे स्वतंत्र साधन असावे म्हणून त्यांनी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावली. या जमिनीवर वसाहत करण्याचा त्या वेळी बेत नव्हता.

दुष्काळ आणि प्लेग

१८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. सरकारी अन्नछत्रे व मदतकेंद्रांच्या आसपास निराधार मुलींना फूस लावून नेणारे दलाल वावरत असल्याचे पाहून त्यांनी मिळतील तितक्या मुली व तरुण विधवा पुण्याला आणण्यास सुरुवात केली. या फेऱ्यांतून सुमारे तीनशे मुली आल्या. त्यांच्या अंगावर धड वस्त्र नव्हते. अनेकींना उपासमारीमुळे जडलेले आजार आणि अंगभर फोड होते.

याच वेळी प्लेग पसरत होता. चीनमधून हाँगकाँगमार्गे पसरलेली ही साथ सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी ओळखली आणि थोड्याच महिन्यांत ती पुण्यात पोहोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख म्हणून सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली. मार्च ते मे या काळात लष्कराच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. संशयितांना रुग्णालयात आणि त्यांच्या संपर्कातील माणसांना विलगीकरण छावणीत नेण्यात येई. घरातील सामान जाळले जाई.

पुण्यातील प्रतिसाद एकाच प्रकारचा नव्हता. बाळ गंगाधर टिळक यांनी हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेले दत्तक पुत्र यशवंत यांच्यासह हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णसेवा सुरू केली आणि रोग्याला उचलून आणताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. तिकडे वांद्र्यातील कॅथलिक वस्त्यांनी साथ टळावी म्हणून चौकाचौकांत क्रूस उभारले. प्लेग क्रॉस म्हणून ओळखले जाणारे हे क्रूस तेथे आजही दिसतात. रमाबाईंपुढील प्रश्न वेगळा होता. त्यांच्याकडे आधीच दुबळ्या झालेल्या शेकडो मुली होत्या आणि दाटीची जागा ही प्लेगला सर्वांत अनुकूल होती.

केडगावला स्थलांतर

साथीच्या निर्बंधांमुळे पुण्यातील आवारात नव्या मुली ठेवणे अशक्य झाले. रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना केडगावच्या शेतावर हलवले. तेथे घरे नव्हती. तंबू आणि गवती छपरांखाली राहण्याची सोय करण्यात आली. पाणी, धान्य, कपडे, पहारा आणि आजाऱ्यांची शुश्रूषा ही सर्व व्यवस्था उघड्या माळावर उभारावी लागली.

प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले आणि त्यालाही सर्वमान्यता मिळण्यास काही वर्षे गेली. त्यामुळे १८९७ मध्ये शहर सोडून मोकळ्यावर राहणे हा अनुभवातून आलेला उपाय होता. त्यामागे जंतुशास्त्राचा आधार नव्हता. महाराष्ट्रातील असंख्य गावांनी नंतरच्या वर्षांत हेच केले. गावाबाहेर झोपड्या बांधून राहण्याचे उल्लेख त्या काळच्या आठवणींत वारंवार येतात. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली होती, परंतु तिचा वापर मर्यादित होता आणि लोकांमध्ये तिच्याविषयी भीतीही होती.

या स्थलांतराचे वैशिष्ट्य असे की हलवलेला समाज हा कुटुंबांचा नव्हता. तेथे आईबाप नसलेल्या मुली, त्यांच्याहून थोड्या मोठ्या विधवा आणि मोजक्या शिक्षिका होत्या. शारदा सदनात शिकलेल्या मोठ्या मुलींकडे लहान मुलींचे गट सोपवण्यात आले. न्हाऊमाखू घालणे, जखमा बांधणे, अक्षरओळख आणि प्रार्थना ही सर्व कामे त्यांनीच केली. मुक्तीची पुढची सारी रचना, म्हणजे स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेली वसाहत, या निकडीतून तयार झाली. शारदा सदनाची पहिली योजना मध्यमवर्गीय ब्राह्मण विधवांसाठी होती. केडगावला आलेल्या मुलींत शेतकरी, कारागीर व अन्य जातींतील मुलींचा मोठा भरणा होता. धार्मिक तटस्थतेचे बंधनही तेथे उरले नाही. केडगाव ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. दुष्काळ आणि साथीचा फायदा घेऊन अनाथ मुलींना ख्रिस्ती केले जाते, ही तत्कालीन हिंदू वृत्तपत्रांची टीका याच संदर्भातील आहे. जेवण, निवारा आणि धर्मशिक्षण एकाच हातातून मिळत असताना मुलींच्या निवडीला कितपत अर्थ होता, हा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरत नाही. दुसरीकडे, त्या मुलींना नेण्यास दुसरे कोणी फारसे पुढे आले नव्हते हेही खरे आहे.

प्लेग रुग्णालयाविषयीचे पत्र

मे १८९७ मध्ये रमाबाईंनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती साप्ताहिकाला पत्र लिहून पुण्यातील प्लेग रुग्णालय आणि विलगीकरण छावणीतील स्त्रियांच्या अवस्थेवर टीका केली. त्यांच्या आश्रमातील एका तरुण मुलीला रुग्णालयात आणि पुढे छावणीत नेण्यात आले होते. ती परत आली नाही. तेथील एका पहारेकऱ्याने तिला ताब्यात ठेवल्याचा रमाबाईंचा आरोप होता. तपासणी व देखरेख पुरुषांच्या हाती असलेल्या जागेत एकट्या स्त्रीला कोणतेही संरक्षण नाही, हा पत्राचा रोख होता.

पत्र कोठे छापले गेले याला महत्त्व आहे. बॉम्बे गार्डियन हे राष्ट्रीय चळवळीचे पत्र नव्हते. त्याचे संपादक आल्फ्रेड डायर हे इंग्रज ख्रिस्ती सुधारक होते आणि लष्करी छावण्यांसाठी सरकारी देखरेखीखाली चालणाऱ्या वेश्याव्यवसायाविरुद्ध त्यांनी मोहीम चालवली होती. त्यामुळे सैनिक, छावणी आणि असहाय स्त्री हा विषय त्या पत्राच्या वाचकांना नवा नव्हता. शिवाय तक्रार करणारी व्यक्ती ख्रिस्ती आणि इंग्लंड-अमेरिकेत परिचित होती. केसरीतील टीकेला राजद्रोहाचा रंग देणे सरकारला सोपे होते, परंतु रमाबाईंच्या पत्राबाबत ते तितकेसे शक्य नव्हते.

२२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि वातावरण पालटले. इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथील वृत्तपत्रांतून केला. या चर्चेत रमाबाईंच्या पत्राचाही आधार घेतला गेला आणि विषय संसदेत गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे विधान साफ चुकीचे व दिशाभूल करणारे असल्याचे कळवले. गोखले यांना पुण्यातून पुरावा मिळू शकला नाही आणि भारतात परतल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. रमाबाईंनी आपले म्हणणे मागे घेतले नाही.

पुण्यातील जनमत आणि रमाबाई या वेळी एकाच मुद्द्यावर बोलत होते, तरीही त्यांच्यात जवळीक निर्माण झाली नाही. चार वर्षांपूर्वीचा दुरावा तसाच राहिला. रमाबाईंच्या कथनात धर्म भ्रष्ट होणे किंवा घरात परक्यांनी शिरणे हा मुख्य मुद्दा नव्हता. त्यांचा मुद्दा एका मुलीच्या सुरक्षिततेचा होता.

मुक्तीची वाढ

१८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तेथील साहाय्यक संस्थेची पुनर्रचना झाली. त्यांच्या अनुपस्थितीत अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी केडगावच्या कामात मदत केली. रमाबाई परतल्यावर तात्पुरत्या निवाऱ्यांच्या जागी पक्क्या इमारती उभ्या राहू लागल्या. १८९९ मध्ये चर्चची कोनशिला बसवण्यात आली. ही उपासनामंडळी कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाशी बांधलेली नव्हती.

१८९९-१९०० मध्ये पडलेल्या, छप्पन्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळात गुजरात व राजपुताना भागातून आणखी शेकडो मुली आल्या आणि वसाहतीची संख्या दीड हजारांवर गेली. पुण्यात प्लेग दरवर्षी परत येत होता. शारदा सदनही पुढे केडगावला हलवण्यात आले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीती सदन आणि अंध मुलींसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. अंधांच्या विभागात मनोरमा यांनी ब्रेल लिपीचे शिक्षण आणले. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, धुलाई आणि छापखाना ही कामे मुली शिकत व चालवत. खिळे जुळवण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतची कामे स्त्रिया करीत असलेला छापखाना त्या काळात दुर्मीळ होता.

जून १९०५ मध्ये मुक्तीतील प्रार्थनासभांत धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात तिची नोंद घेतली जाते.

अखेरची वर्षे

आयुष्याची शेवटची सुमारे सतरा वर्षे रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून बायबलचा मराठी अनुवाद करण्यात घालवली. प्रचलित मराठी बायबलची भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना कठीण जाते, असे त्यांचे मत होते. दुष्काळातून आलेल्या आणि केडगावलाच अक्षरे गिरवलेल्या मुली हा या अनुवादाचा पहिला अपेक्षित वाचकवर्ग होता. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. प्लेगच्या वेळी ज्या सरकारने त्यांना खोटे ठरवले, त्याच सरकारचा हा सन्मान होता.

मनोरमा यांचे जुलै १९२१ मध्ये मिरज येथे निधन झाले. संस्थेची धुरा पुढे त्यांनीच वाहावी अशी रमाबाईंची अपेक्षा होती. अनुवादाचे काम पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगाव येथे निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले. भारतीय डाक विभागाने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगाव येथील संस्था आजही निराधार स्त्रिया व मुलांसाठी कार्यरत आहे.